घरच्या फेस ऑइलमध्ये इसेन्शियल ऑइलचे थेंब नक्की किती?

अनुजा_नाशिक | २८ सप्टेंबर, रात्री ९:४०

यंदा दिवाळीला विकतची खोकी न देता घरी केलेल्या वस्तू द्यायच्या, असं जाऊबाईंनी आणि मी ठरवलंय. उटणं दरवर्षी करतोच. त्यात फेस ऑइल, लिप बाम आणि हातापायाच्या भेगांचं मलम अशी भर घालणार आहोत. एकूण पंचवीस जणांना द्यायचंय. त्यात माझी वहिनी सहा महिन्यांची गरोदर आहे, नणंदेचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि दोघी आत्या साठीच्या पुढच्या आहेत.

आता खरी अडचण. तीन आठवड्यांपूर्वी फेस ऑइल नमुन्यादाखल करून बघितलं. एका व्हिडिओत 'तीस मिलीला वीस थेंब' असं प्रमाण होतं. मी ३० मिली बदाम तेलात इसेन्शियल ऑइलं, म्हणजे झाडांपासून काढलेली तीव्र सुगंधी तेलं घातली: बर्गमॉट १० थेंब, लॅव्हेंडर ६ आणि जिरेनियम ४. वास इतका सुरेख आला की जाऊबाई बाटली सोडेनात. मी रोज सकाळी आंघोळीनंतर चेहऱ्याला आणि मानेला लावत होते. चौथ्या दिवशी रात्री मान चुरचुरायला लागली. पाचव्या दिवशी लाल झाली आणि बारीक पाणीदार फोड आले. आता फोड गेलेत, पण तपकिरी डाग राहिलाय. चेहऱ्याला मात्र काहीही झालेलं नाही!

मानेची कातडी नाजूक म्हणून असं झालं का? बदाम तेल बाधलं का? की तेलच भेसळीचं होतं? बाटलीवर 'शंभर टक्के शुद्ध' असं ठसठशीत छापलंय. दुसऱ्यांना काही द्यायच्या आधी मला हे नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया लिहा.

---

केतकीवन | २८ सप्टेंबर, रात्री १०:०५

अगं बाई, मीही याच प्रमाणात करते आणि बहिणींनाही दिलंय. वाचते आहे.

---

मीठभाकर | २८ सप्टेंबर, रात्री १०:३१

भेसळच असणार. शुद्ध झाडपाल्याचं तेल असं भाजत नाही. आमच्या आजीनं जन्मभर खोबरेलात कापूर घालून आम्हा सगळ्या नातवंडांची डोकी चोळली, कधी काही झालं नाही. नैसर्गिक वस्तूला टक्केवारी कशाला हवी?

---

अत्तरदाणी | २८ सप्टेंबर, रात्री ११:१२

अनुजाताई, मी सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात बावीस वर्षं आहे. उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी सांगा. डाग मानेवर नेमका कुठं आहे? तेल लावून लगेच घराबाहेर पडत होतात का? आणि कामाला कशानं जाता?

---

अनुजा_नाशिक | २९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

स्कूटरनं जाते, नाशिकरोडहून पंचवटीला. तेल लावल्यावर अर्ध्या तासात निघते. डाग मानेच्या उजव्या बाजूला, साधारण दोन बोटं रुंद. स्कार्फ कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट बांधते, त्याच्या खाली ड्रेसच्या गळ्यापर्यंत...

थांबा. लिहिता लिहिता आरशात बघून आले. डागाची वरची कड स्कार्फ जिथं संपतो तिथंच आहे. पट्टीनं आखल्यासारखी! आणि सकाळी जाताना ऊन उजव्या अंगालाच असतं.

---

अत्तरदाणी | २९ सप्टेंबर, सकाळी ९:५०

तुमच्या स्कार्फनंच उत्तर दिलं. तेल चेहऱ्यालाही लावलं होतं आणि मानेलाही, पण भाजलं फक्त जिथं ऊन पडलं तिथं. बदाम तेल बाधलं असतं तर गालही लाल झाले असते. भेसळीचं म्हणाल तर तुमचं बर्गमॉट बहुधा चांगलं अस्सल आहे, आणि म्हणूनच हे झालं.

बर्गमॉट हे इटलीच्या कालाब्रियात होणारं लिंबाच्या जातीचं फळ. त्याची साल दाबून तेल काढतात. सालीतली बर्गाप्टेनसारखी द्रव्यं तेलात उतरतात आणि कातडीवर असताना त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. ही ॲलर्जी नव्हे, असं भाजणं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. लालीही लगेच येत नाही, एकदोन दिवसांनी वर येते. त्यामुळे लोकांना तेल आणि ऊन यांचा संबंध लागत नाही. डाग मात्र महिनोन्‌महिने राहू शकतो.

आता हिशोब. ढोबळमानानं १ मिली म्हणजे २० थेंब. तुमचे १० थेंब म्हणजे अर्धा मिली. ३० मिलीत अर्धा मिली म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. उन्हात जाणाऱ्या कातडीवर ठेवायच्या वस्तूत बर्गमॉटची मर्यादा आहे ०.४ टक्के, म्हणजे ३० मिलीला दोन थेंब. तुम्ही चारपटीहून जास्त घातलं होतंत.

सालीतून दाबून काढलेल्या बाकीच्या तेलांचंही बघा. कागदी लिंबू ०.७ टक्के, पिवळं लेमन २ टक्के, ग्रेपफ्रूट ४ टक्के. गोड संत्र्याच्या तेलात हा धोका नाही. कागदी लिंबाचं तेल वाफेवर काढलेलं असेल तर त्यातही नाही, कारण ही जड द्रव्यं वाफेबरोबर वर येत नाहीत. म्हणून बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' लिहिलंय की 'स्टीम डिस्टिल्ड' हे वाचूनच घ्या. बर्गाप्टेन काढून टाकलेलं बर्गमॉटही मिळतं, त्यावर 'एफसीएफ' असं लिहिलेलं असतं. हौसच असेल तर ते घ्या.

---

तिखटजाळ | २९ सप्टेंबर, सकाळी १०:२०

स्कार्फवरून निदान! अत्तरदाणी, तुम्ही पोलिसात हवे होतात. :)

---

केतकीवन | २९ सप्टेंबर, सकाळी १०:४४

आत्ताच दोघी बहिणींना फोन केला. एकीच्या बाटलीत लेमन आहे, ते रात्रीच लाव म्हणून सांगितलं. चालेल ना?

---

अत्तरदाणी | २९ सप्टेंबर, दुपारी १:०२

रात्री लावून सकाळी चेहरा धुतला तर बरंच बरं. लावल्यानंतर किमान बारा तास ऊन टाळावं असं धरून चाला. पण चेहऱ्याच्या तेलात लिंबूवर्गीय काही नसलेलंच उत्तम. नुसता वासच हवा असेल तर गोड संत्रं घाला.

---

त्वचेची_डॉक्टर | २९ सप्टेंबर, रात्री ८:३०

वरचं निदान पटतंय, तरी अनुजाताईंनी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. डागावर लिंबू, टोमॅटो, हळद असलं काही चोळू नका. फक्त उन्हापासून झाका आणि सनस्क्रीन लावा.

दवाखान्यात घरगुती कॉस्मेटिक्समुळे आलेले तीन प्रकारचे पेशंट बघते. पहिला प्रकार असा उन्हाचा. दुसरा थेट चुरचुरण्याचा, म्हणजे तेल जास्त तीव्र लावलं की कातडी पोळते. प्रमाण कमी केलं की तो त्रास थांबतो. तिसरा मला सर्वांत काळजीचा वाटतो, खरीखुरी ॲलर्जी. ती पहिल्या दिवशी दिसत नाही. दोन महिने, कधी दोन वर्षं काही होत नाही, मग एक दिवस शरीर त्या द्रव्याला ओळखायला लागतं. एकदा ओळखलं की ते सहसा जन्मभर विसरत नाही. मग साबण, शाम्पू, परफ्यूम, दंतमंजन, सगळीकडे तेच द्रव्य आडवं येतं. माझ्या एका पेशंट ताई घरी बसून सुगंधी मेणबत्त्या आणि बाम करायच्या. हातमोजे न घालता चार वर्षं काम केलं. आता त्यांना साधा भांड्यांचा साबणही निवडून घ्यावा लागतो.

म्हणून 'मला तर काही झालं नाही' यावर विसंबू नका. प्रमाण जेवढं जास्त आणि जेवढे दिवस लावाल तेवढी ही शक्यता वाढते. चेहऱ्याला अर्धा टक्का ते फार तर एक टक्का, अंगाला दोन टक्क्यांपर्यंत. हे सगळ्या तेलांचं मिळून, प्रत्येकाचं वेगळं नव्हे. ३० मिली फेस ऑइलला एकूण तीन ते सहा थेंब. वास फिका वाटेल, पण तो नाकापासून दोन इंचांवर दिवसभर राहणार आहे, तेवढा पुरतो.

पॅच टेस्ट जरूर करा. तयार झालेलं तेल (नुसतं इसेन्शियल ऑइल कधीच नाही) कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास बघा. पण ती टेस्ट आजचं सांगते, पुढच्या वर्षीचं नाही.

---

मीठभाकर | २९ सप्टेंबर, रात्री ९:१५

डॉक्टर, तुमचा मान राखून विचारतो. मग आजीचा कापूर?

---

रात्रपाळी | ३० सप्टेंबर, पहाटे ४:५०

मीठभाकर दादा, कापराबद्दल मी सांगते. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ड्युटी संपत आलीये, पण हे लिहिल्याशिवाय घरी जाववणार नाही.

दोन वर्षांचा मुलगा आला होता. देव्हाऱ्यातली कापराची वडी खडीसाखर समजून तोंडात टाकली. अर्ध्या तासात आकडी आली. आई त्याला पदरात गुंडाळून धावत आली, तेव्हा त्याच्या श्वासाला कापराचा वास येत होता. वाचला तो. पण त्या आईचे हात पुढचे दोन तास थरथरत होते.

कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फार थोड्या प्रमाणातही झटके येतात. कातडीतूनही तो आत शिरतो आणि बाळाची कातडी पातळ असते. आजींनी चिमूटभर कापूर वाटीभर तेलात घातला असेल, मोठ्या मुलांच्या डोक्याला लावला असेल, म्हणून निभावलं असेल. तान्ह्या बाळाच्या छातीला, नाकाला, टाळूला कापूर, निलगिरी, पुदिना यातलं काहीही नको. मेंथॉलचा झोत नाकात गेला की तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. सर्दीत रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून बाळाच्या उशाशी ठेवतात, तेही नको.

गंधपुऱ्याचं तेल घरात असेल तर ते कडीकुलुपात. सांधेदुखीला चोळायचं ते हेच. जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या कुळातलं द्रव्य. एक चमचा म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसेक मोठ्या गोळ्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या आजीआजोबांनी ते चोळूही नये.

आणि कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा. काय प्यायलंय ते बाटलीवरून लगेच कळतं.

---

मीठभाकर | ३० सप्टेंबर, सकाळी ८:०५

रात्रपाळीताई, वाचून सुन्न झालो. आमच्याकडे पुतणीचं बाळ पाच महिन्यांचं आहे आणि रोज संध्याकाळी त्याला कापूर-खोबरेल लावतात. आजच बंद करायला सांगतो. मनापासून आभार.

---

बुरोंडीकर | ३० सप्टेंबर, दुपारी १२:४०

आमच्या वाडीत दालचिनीची झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'कोकण तेज' जात. म्हणून दालचिनीवर लिहितो.

दालचिनीची दोन तेलं असतात. पानाचं आणि सालीचं. पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल, म्हणून त्याचा वास लवंगेकडे जातो. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, तेच खरं तिखट. बाजारात दोन्हींवर नुसतं 'सिनॅमन' लिहून विकतात. बायकोनं गेल्या वर्षी लिप बाम केला. वीस ग्रॅमला सालीच्या तेलाचे तीन थेंब, ओठ जरा फुगलेले आणि गुलाबी दिसतात म्हणे. फुगले खरेच. दोन दिवस तिला चहा गार करून प्यावा लागला, तिसऱ्या दिवशी ओठांच्या कडेनं सालपटं निघाली. नंतर वाचलं तर सालीच्या तेलाची मर्यादा ०.०५ टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम बामला एक थेंब! वीस ग्रॅममध्ये घालायला थेंबाचे पाच तुकडे कसे करायचे?

तेव्हापासून आमच्याकडे दालचिनी मसाल्याच्या डब्यातच.

---

अत्तरदाणी | ३० सप्टेंबर, दुपारी २:१८

बुरोंडीकर, अगदी बरोबर. लवंगेच्या तेलालाही ०.५ टक्क्याची मर्यादा पाळावी. गवती चहाचं तेल फार सौम्य समजतात, त्यात ॲलर्जी आणू शकणारं सिट्रल भरपूर, तेही ०.७ टक्क्यांच्या वर नको.

थेंबाचे तुकडे होत नाहीत, पण तेल पातळ करता येतं. १ मिली इसेन्शियल ऑइल ९ मिली खोबरेलात मिसळून वेगळी बाटली करायची, मग त्यातला एक थेंब म्हणजे मूळच्या थेंबाचा दहावा हिस्सा. आणि खरं तर थेंब मोजूच नयेत. एका बाटलीचा थेंब बारीक, दुसरीचा जाड. वाळ्याचं तेल मधासारखं घट्ट, त्याचा थेंब मोठा पडतो. संत्र्याचं पातळ, ते भराभर पडतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा ऑनलाइन पाचसातशे रुपयांत मिळतो. पंचवीस जणांसाठी करायचं असेल तर तो घ्याच.

---

फुलपाखरी | ३० सप्टेंबर, सायंकाळी ६:५५

मी टी ट्री तेल कॉलेजपासून पिंपलवर थेट लावते. कापूस बुडवून. आणि मला उपयोग होतो. सगळ्याच तेलांना एका माळेत ओवू नका हं.

---

त्वचेची_डॉक्टर | ३० सप्टेंबर, रात्री ९:४०

फुलपाखरी, उपयोग होतो हे खरं आहे. पिंपलवर त्याचा अभ्यास झालाय, पण पाच टक्क्यांच्या जेलचा. नुसत्या तेलाचा नाही. तुमची बाटली किती जुनी आहे?

---

फुलपाखरी | ३० सप्टेंबर, रात्री १०:०२

तीन वर्षं तरी झाली असतील. बाथरूमच्या फळीवर असते. झाकण चिरलंय, म्हणून कापूस खोचलाय. हल्ली लावलं की जळजळतं, मला वाटलं असर होतोय.

---

त्वचेची_डॉक्टर | ३० सप्टेंबर, रात्री १०:११

ती आजच टाकून द्या. टी ट्री हवेनं, उजेडानं आणि उष्णतेनं खराब होतं आणि खराब झालेलं तेल ताज्यापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी आणतं. लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेलांचंही तेच. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून ठेवा. लिंबूवर्गीय आणि टी ट्री वर्षभरात संपवा, गडद काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, शक्यतो फ्रिजमध्ये. आणि जळजळ म्हणजे असर नव्हे, कातडी थांबायला सांगतेय.

---

म्युनिककर | १ ऑक्टोबर, दुपारी ३:२५

इकडे युरोपात कुठल्याही क्रीमच्या मागे बारीक अक्षरांत लिनालूल, लिमोनिन, सिट्रल, जिरॅनिऑल, युजेनॉल अशी नावं दिसतात. मला आधी वाटायचं ही रसायनं घातलीत. नंतर कळलं की ही तर लॅव्हेंडर, संत्रं, गवती चहा, गुलाब आणि लवंग यांच्यातलीच द्रव्यं. ॲलर्जी आणू शकतात म्हणून ठरावीक प्रमाणाच्या वर असली की नाव छापावंच लागतं. लावून ठेवायच्या वस्तूत ०.००१ टक्का, धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्का. आधी अशी २६ नावं होती, २०२३च्या नियमानं यादी ऐंशीच्या आसपास गेली.

सांगायचा मुद्दा असा, की झाडातलं आणि कारखान्यातलं लिनालूल कातडीला वेगळं कळत नाही. अनुजाताई, तुम्हीही डब्यावर घटक लिहा. आत्याबाईंना काही त्रास झाला तर डॉक्टरांना निदान दाखवता येईल.

---

तापीकाठ | १ ऑक्टोबर, रात्री ८:४८

जरा अवांतर, पण मूळ धाग्याशी जोडलेलं आहे. जिरेनियमचा विषय निघालाय म्हणून.

आमच्याकडे खानदेशात, सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत होतं. माझे पणजोबा त्याच्या भट्ट्यांवर जात. पावसाळा संपता संपता गवत फुलावर आलं की कापायचं, तांब्याच्या भांड्यात पाण्याबरोबर चढवायचं, खाली लाकडं. वडील सांगायचे की भट्टी लागली की आख्ख्या पाड्याला गुलाबाचा वास यायचा, कुत्र्यांच्या अंगालासुद्धा. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. तुर्की जिरेनियम अशा नावानंही ते विकलं जाई. जिरेनियमचा आणि त्याचा काही संबंध नाही, दोन्हींत जिरॅनिऑल असतं म्हणून वास जुळतो.

म्हणजे या धंद्यात नावं बदलून विकणं काही आजचं नाही. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, काढण्याची रीत आणि बॅच नंबर नसेल तर आत काय आहे ते देव जाणे. एक किलो गुलाबतेलाला तीनचार हजार किलो पाकळ्या लागतात. दीडशे रुपयांत १५ मिली 'शुद्ध रोज ऑइल' मिळतं ते कुठून येणार?

---

केतकीवन | १ ऑक्टोबर, रात्री ९:२०

तापीकाठ, किती सुंदर लिहिलंय. कुत्र्यांच्या अंगाला गुलाबाचा वास! यावर वेगळा धागा काढा ना.

---

गणितमास्तर | २ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मी शाळेत विज्ञानही शिकवतो. मुलांना दाखवायचा प्रयोग सांगतो, घरी करून बघा. संत्र्याची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळा. बारीक फवारा उडेल आणि जिथं पडेल तिथं थर्माकोल विरघळून खळगे पडतील. सालीतलं लिमोनिन ते करतं. साधं संत्रं, रासायनिक काही नाही! तेल पातळ न करता का लावू नये, हे मुलांना एका मिनिटात कळतं. आणि तेलं ठेवायला काच का हवी, हेही.

---

पाणवठा | २ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

माझाही अनुभव जोडते. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी आणि दहा थेंब लॅव्हेंडर असं जेल केलं होतं. तेल जंतुनाशक आहे, टिकेल असा समज. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर बरणीच्या कडेला काळे मोहरीएवढे ठिपके, खाली केस आल्यासारखी बुरशी. वरून छान दिसत होतं, म्हणून दोन दिवस मी तेच लावलं होतं.

---

अत्तरदाणी | २ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३५

पाणी आलं की बुरशी आली. कातडीला झेपेल एवढ्या प्रमाणात इसेन्शियल ऑइल प्रिझर्व्हेटिव्हचं काम करत नाही. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंपासून नाही. दुसरं म्हणजे तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. गुलाबपाण्याच्या स्प्रेमध्ये पाच थेंब टाकले तर पहिल्या फवाऱ्यात साधं पाणी आणि शेवटच्यात डोळ्यावर नुसतं तेल येतं. आंघोळीच्या बादलीतही तसंच.

भेट द्यायच्या वस्तू पाण्याविना करा. नुसतं तेल, मेण, बटर किंवा कोरडी पूड. हात कोरडे, भांडी कोरडी. लिप बामचं मेण वितळवल्यावर लगेच तेल घालू नका, भांडं हाताला सोसेल इतकं कोमट झालं की घाला, नाहीतर वास उडून जातो.

---

आजोळ | २ ऑक्टोबर, रात्री ९:५८

सगळं वाचलं. उटण्याबद्दल कुणीच विचारलं नाही. अनुजा, तुझ्या उटण्यात काय काय असतं?

---

अनुजा_नाशिक | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

सासूबाईंच्या वहीतली यादी: मुलतानी माती, मसूर पीठ, नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आंबेहळद, चंदन, संत्र्याची साल, गुलाबपाकळी, बावची. शिवाय यंदा वरून बर्गमॉट घालणार होते. :(

---

आजोळ | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:२२

बावची! मला तीच शंका होती. माझे वडील वैद्य होते. बावची कोडावर देतात आणि ती लावून उन्हात बसवतात, कारण उन्हाबरोबरच ती काम करते. तिच्यात सोरालेन असतं, अत्तरदाणींनी बर्गमॉटचं सांगितलं त्याच कुळातलं. वडील लावायची वेळ घड्याळावर मोजायचे आणि उन्हाची मिनिटं बोटांवर. उटणं धुऊन टाकतो म्हणून धोका कमी, पण अभ्यंगस्नानानंतर लोक उन्हात फटाके उडवायला, फराळाला फिरतात. चांगल्या कातडीला तिची काही गरज नाही. यादीतून काढून टाक. सासूबाई रागावल्या तर वैद्यांच्या मुलीनं सांगितलं म्हणावं.

---

हौशीगृहिणी | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

दिवाळीत हेच व्हॉट्सॲपवर विकायचं असेल तर? मैत्रिणी मागतायत.

---

अत्तरदाणी | ३ ऑक्टोबर, दुपारी १:४०

भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा आणि त्याखालचे नियम २०२०चे. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो. घरच्या ओट्यावर केलं म्हणून सूट मिळत नाही. आधी तिकडे चौकशी करा, मगच ऑर्डर घ्या.

---

मांजरप्रेमी | ३ ऑक्टोबर, रात्री १०:३०

घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्या अंगाला लावू नका, पिसवांसाठीसुद्धा. मांजराच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत. तुम्ही हाताला लावलेलंही ती चाटते. आमची मांजर, चिमणी, दोन दिवस लटपटत होती, सलाईनवर वाचली.

---

अनुजा_नाशिक | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मंडळी, उशिरा लिहितेय, पण सगळं करून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आधी मानेचं. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. उन्हामुळेच झालंय असं त्याही म्हणाल्या. डाग जायला काही महिने लागतील. सनस्क्रीन चालू आहे, स्कार्फ आता गळ्यापर्यंत ओढून घेते. बर्गमॉटची बाटली जाऊबाईंनी मागितली, मी दिली नाही.

वजनकाटा आणला. जुन्या वीस थेंबांचं वजन करून पाहिलं. लॅव्हेंडरचे वीस थेंब ०.६ ग्रॅमच्या आसपास आणि जिरेनियमचे जवळपास ०.८! एकाच दुकानाच्या बाटल्या. थेंबांवर विसंबण्यात काही अर्थ नाही हे काट्यावर डोळ्यांनी पाहिलं.

फेस ऑइल: १०० ग्रॅम तेलाला एकूण अर्धा ग्रॅम, लॅव्हेंडर आणि गोड संत्रं. तापीकाठ, तुमच्यामुळे खानदेशचं रोशा तेल शोधलं, पण बॅच नंबर असलेलं मिळालं नाही, म्हणून घेतलं नाही. लिप बामला काहीच वास घातला नाही. कोकम बटर आणि मेणाचा स्वतःचा मंद वास आहे, तोच छान वाटतो. भेगांच्या मलमात लॅव्हेंडर एक टक्का. वहिनीसाठी, बाळासाठी आणि दोघी आत्यांसाठी सगळं बिनवासाचं. त्यांच्या डब्यांना पांढरी चिकटपट्टी लावलीये, बाकीच्यांना पिवळी. प्रत्येकावर घटक, तारीख आणि 'मुलांच्या हाती लागू देऊ नये' असं लिहिलंय. पंचवीस डब्यांवर हातानं लिहिता लिहिता बोटं दुखली.

उटण्याचं सासूबाईंना सांगायला धीर होत नव्हता. शेवटी आजोळ यांचा प्रतिसाद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. वैद्यांचं घड्याळ आलं तिथं त्यांनी मान हलवली. मग चष्मा लावला, वही मागितली आणि स्वतःच्या हातानं बावचीवर रेघ मारली.

---

आजोळ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३५

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

---

केतकीवन | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५२

अनुजा, वजनकाट्याची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना. आणि कोकम बटर कुठून घेतलंस? इकडे तीन ठिकाणी विचारलं.

---

बुरोंडीकर | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

केतकीवन, कोकम बटर नको शोधायला. आमच्याकडे त्याला मुठियाल म्हणतात, बिया कुटून, उकळून, वर आलेलं तूप मुठीत दाबून करतात. आई अजून करते. पत्ता व्यनि करा, पुढच्या आठवड्यात दापोलीला जातोय तेव्हा दोन मुठियालं पाठवतो.